काळा धूर : गाळावा की होऊच देऊ नये?

कारंजा लाडच्या स्थानकावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी नॅरोगेज गाडी धावत असे. 'शकुंतला' या नावाने ती वऱ्हाडात परिचित होती. ही गाडी ओढणारे झेड.डी. वर्गाचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले होते. सत्तर वर्षांहून अधिक काळ सेवा करून १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले व त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. पुढे काही वर्षांनी गाडीही थांबली. फायरमनने भट्टीत कोळशाचे फावडे रिते केले की लगेच धुराड्यातून काळा लोट उसळे आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याची खूण राही. डिझेल इंजिन आल्यावर तो लोट गेला, म्हणून धूर गेला असे अनेकांनी मानले. वस्तुतः धूर गेला नव्हता. त्यातील कण बारीक झाले, डोळ्यांना कमी दिसू लागले, आणि श्वासावाटे अधिक खोल जाऊ लागले.

१ जुलै १९९८ रोजी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून येथील शेतीचे व वाहतुकीचे स्वरूप बरेच पालटले आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, खळ्यावरील पाताच्या जागी मळणी यंत्र आले, आणि ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गावरून मालमोटारींची रीघ कारंजा, शेलूबाजार व मालेगाव या परिसरातून रात्रंदिवस वाहू लागली. या सर्वांचा प्राण डिझेल हाच आहे.

मध्यंतरी एका प्रशिक्षण वर्गात एका शिक्षकाने प्रस्तुत लेखकास प्रश्न केला. "नव्या बसला धुराची गाळणी असते असे आपण सांगता. मग एवढ्या मोठ्या विमानाला ती का नाही?" सभागृहात हशा पिकला. लेखकासही त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. नंतर या विषयाची माहिती जुळवू लागल्यावर मात्र असे लक्षात आले की, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एके काळी जेट विमानेही काळा धूर ओकीत असत, आणि तो धूर कोणत्याही गाळणीवाचून कमी करण्यात आला. आपल्या गावातील जुना ट्रॅक्टर व मळणी यंत्र यांनाही गाळणी नाही. तेव्हा धुराच्या बाबतीत त्यांचे नाते नव्या बसपेक्षा त्या जुन्या विमानाशीच अधिक जवळचे आहे.

काजळी जन्मते कशी?

विजेपूर्वीच्या काळात कंदील लावण्याचे काम ज्यांनी केले असेल, त्यांना हे शास्त्र निराळे शिकविण्याची गरज नाही. वात प्रमाणात असेल तर ज्योत स्थिर व उजळ राहते. अधिक उजेडाच्या लोभाने वात वर केली की ज्योत लांबते, तिचे टोक लालसर होते आणि काच काळवंडते. वात वर केल्याने जळावयास येणारे रॉकेल वाढते, परंतु कंदिलाच्या खालच्या छिद्रांतून येणारी हवा तेवढीच राहते. रॉकेल हे कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण होय. पुरेशी हवा मिळाली तर कार्बनचा वायू होतो. हवा अपुरी पडली तर त्यातील काही कार्बन सूक्ष्म कणांच्या रूपाने मोकळा होतो. हीच काजळी.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दिव्याची ज्योत पिवळी दिसते ती काजळीमुळेच. ज्योतीच्या पोटात काजळीचे कण तयार होतात, तापून पिवळे प्रकाशतात आणि ज्योतीच्या कडेला पोहोचेपर्यंत हवा मिळून जळून जातात. म्हणजे काजळी जवळजवळ प्रत्येक ज्योतीत तयार होते. ती बाहेर पडते की नाही, हे तिला पुढे जळून जाण्यास हवा, उष्णता व अवधी मिळतो की नाही यावर अवलंबून असते. पूर्वी घरोघरी दिव्यावर थंड ताम्हन पालथे धरून काजळ धरीत. ज्योतीला थंड धातूचा स्पर्श झाला की कण जळण्याआधीच निवतात व ताम्हनाला चिकटतात. ज्या आजीबाईने हे काम केले, तिने जेट इंजिनाच्या अभियंत्यांना पुढे ज्या अडचणीने बेजार केले तीच घडवून आणली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

डिझेल इंजिनाची घाई

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्यामुळे तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत नॉझलमधून डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या पंपाच्या इंजिनात एक फेरा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरा होतो. डिझेलचे थेंब होणे, त्यांची वाफ होणे, ती हवेत मिसळणे व जळणे हे सारे त्या फेऱ्याच्याही एका लहानशा अंशात उरकावे लागते. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर, पण मध्यभागी डिझेल दाट. काजळीचा जन्म याच दाट गाभ्यात होतो.

फवारा जितका बारीक, तितका हा गाभा लवकर विरतो. जुन्या शेती-इंजिनाचे नॉझल सुमारे २०० बार इतक्या दाबाला उघडते. आजच्या मोटारींतील कॉमन रेल पद्धतीत हा दाब दीड ते दोन हजार बारपर्यंत नेलेला असतो. पुण्याजवळील खडकी येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी महाराष्ट्राच्या विहिरींवर जी इंजिने पोहोचविली, ती पहिल्या प्रकारची होती. साधी व टिकाऊ, तसेच गावातल्या मिस्त्रीला खोलता येतील अशी. त्यांनी मोटेची जागा घेतली हे त्यांचे उपकार मोठे आहेत.

डिझेलच्या काजळीचा एकेक पुंजका साधारणतः एक मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असतो. माणसाच्या केसाची जाडी याच्या पाचशे पटींहून कमी नसते. एवढा बारीक कण नाकातील केसांत अडकत नाही, घशातही थांबत नाही; तो फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि जाताना इंधनातील व वंगणातील इतर द्रव्ये अंगावर घेऊन जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनांचा धूर कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्याविषयी पुरेसा पुरावा उपलब्ध आहे अशा गटात, समाविष्ट केला. शाळेला लागून असलेल्या रस्त्यावर चालू इंजिनानिशी उभी असलेली मालमोटार ही केवळ कटकटीची बाब नव्हे, हे यावरून दिसून येईल.

पोळ्यासारखी गाळणी

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली. तत्पूर्वी १ एप्रिल २०१७ पासून देशभर स्टेज-४ होती. पाचवा टप्पा गाळून थेट सहावा स्वीकारण्यात आला. या मानकांमुळे रस्त्यावरील नव्या डिझेल वाहनांत काजळीची गाळणी सर्वसाधारण झाली. चालक-मेकॅनिक मंडळींत तिचे नाव 'डी.पी.एफ.' असे रूढ आहे.

ही गाळणी म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेला चिनी मातीच्या जातीचा एक सच्छिद्र ठोकळा असतो. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे त्यात लांबच लांब बारीक नळ्या असतात. मात्र बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे एकाआड एक नळीचे तोंड बुजविलेले असते. ज्या नळीचे पुढचे तोंड उघडे, तिचे मागचे बंद. शेजारच्या नळीचे याच्या उलट. त्यामुळे धुराला पुढे सरकावयाचे तर नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरूनच शेजारच्या नळीत जावे लागते. वायू पाझरतो, काजळी भिंतीवर राहते. उत्तम स्थितीतील गाळणी वजनाने नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी अडविते. अशा बसच्या धुराच्या नळीत बोट फिरविले तर ते बहुधा स्वच्छ निघते.

परंतु चहाची गाळणी धुवावी लागते, तशी ही भरल्यावर काय करावयाचे? हाच या यंत्राचा कळीचा प्रश्न होता. १९८५ साली मर्सिडीज कंपनीने कॅलिफोर्नियात विकावयाच्या काही मोटारींना अशी गाळणी बसविली, पण ती टिकली नाही व योजना मागे घ्यावी लागली. २००० साली फ्रान्सच्या प्यूजो ६०७ या मोटारीबरोबर ती पुन्हा बाजारात आली. या वेळी साचलेली काजळी गाळणीतच जाळून टाकण्याची पद्धत नीट बसविलेली होती. काजळी जाळण्यास साडेपाचशे ते सहाशे अंश तापमान लागते. लांब पल्ल्याच्या, भरधाव वाहनात धूर बराच तापलेला असतो आणि गाळणीच्या अगोदर बसविलेल्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने काजळी त्याहून कमी तापमानातही हळूहळू जळत राहते. वाहन मंद चालणारे असेल, तर संगणक थोडे जादा डिझेल सोडून मुद्दाम उष्णता वाढवितो.

येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. समृद्धी महामार्गावरून धावणाऱ्या वाहनाची गाळणी वाटेत आपोआप साफ होत राहते. उलट तालुक्याच्या गावाहून दहा-बारा किलोमीटरवरील खेड्यात जाणारे, मध्ये आठ ठिकाणी थांबणारे, परतीस तासभर उभे राहणारे वाहन कधी पुरते तापतच नाही. काजळी साचते, इंजिनावर उलट दाब येतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यावर वाहन वीस-पंचवीस मिनिटे चांगल्या वेगाने चालविणे, किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उभ्या स्थितीत काजळी जाळून घेणे, एवढाच उपाय बहुधा पुरतो. उभ्या स्थितीत हे करताना गाडी वाळलेल्या गवतावर किंवा सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगाजवळ उभी करू नये. नळीतून त्या वेळी निघणारा वायू आग लावण्याइतका तप्त असतो.

दिव्याकडे दुर्लक्ष केले तर गाडीची शक्ती घटते, आणि मग कोणीतरी सल्ला देतो, "गाळणीच काढून टाका." ठोकळा फोडून रिकामे डबडे परत बसविण्याचा व संगणकाला फसविण्याचा हा उद्योग काही ठिकाणी चालतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वाहनात असे फेरफार करता येत नाहीत, आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायद्याचा भाग बाजूस ठेवला तरी, ज्या इंजिनाची रचनाच गाळणी गृहीत धरून केलेली आहे, ते गाळणीवाचून काय बाहेर टाकीत असेल याचा विचार त्या गाडीमागून दुचाकीवर जाणाऱ्याने करावा.

गाळणी कामास येते ती इंधन शुद्ध असेल तरच. स्टेज-३ च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ३५० पर्यंत गंधक चालत असे, स्टेज-४ मध्ये ५०, आणि स्टेज-६ मध्ये केवळ १०. गंधकाने उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांतील बदल आधी, गाळणी नंतर, असा हा क्रम आहे. वंगण तेलही कमी राख सोडणारेच वापरावे लागते. काजळी जळून जाते, राख मात्र जळत नाही, ती साचतच जाते आणि शेवटी गाळणी काढून साफ करून घ्यावी लागते.

विमानांचा काळ

आता त्या शिक्षकाच्या प्रश्नाकडे वळू. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ विमाने सेवेत आणली. त्यांना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सने कॅराव्हेल आणले, आणि १९७० च्या दशकात बोइंग ७३७-२०० ही विमाने देशांतर्गत मार्गांवर रूढ झाली. त्या काळातील जेट विमानांची उड्डाणाची छायाचित्रे पाहिली, तर शेपटीमागे लांबवर पसरलेली काळी रेघ हटकून दिसते. त्या वेळी ते सामर्थ्याचे चिन्ह वाटे.

जेट विमानाचे इंधन हे कंदिलातील रॉकेलचेच अधिक शुद्ध व काटेकोर भावंड आहे. इंजिनात पुढून हवा येते, पंख्यांच्या रांगा ती दाबतात, ज्वलनकक्षात इंधन फवारले जाते व तेथे ज्योत अखंड तेवत राहते. तप्त वायू टर्बाइन फिरवून मागे वेगाने फेकला जातो. या फेकण्यानेच विमानाला पुढे रेटा मिळतो. डिझेल इंजिनात धूर हा काम आटोपल्यावर उरलेला वायू असतो, जेट विमानात मागे जाणारा वायू हेच काम असते. त्याच्या वाटेत सच्छिद्र ठोकळा ठेवणे म्हणजे नाव वल्हविणाऱ्याचे हात बांधणे होय. शिवाय प्रमाणही पाहावे. मोठ्या बसचे इंजिन एका सेकंदात फार तर पाव किलोच्या आसपास हवा घेते. बोइंग ७३७-२०० चे जे.टी.८डी हे एक इंजिन उड्डाणाच्या वेळी सेकंदाला सुमारे १४० किलो हवा ओढते. एवढ्या वायूला पुरेल अशी गाळणी विमानाला उचलता येणार नाही.

जमिनीवर मात्र असा प्रश्न खरोखरच उद्भवला होता. दुरुस्तीनंतर जेट इंजिन बंदिस्त चाचणीगृहात चालवून पाहतात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात नौदलाच्या अशा चाचणीगृहांच्या धुरावरून राज्य व नौदल यांच्यात न्यायालयात वाद झाला. जे इंजिन जागचे हलत नाही, त्याच्याही धुरावर गाळणी बसविणे किती अवघड आहे, हे त्या निमित्ताने पुढे आले.

मग धूर गेला कसा? जे.टी.८डी इंजिनात ज्वलनासाठी नऊ डबे असतात. जुन्या रचनेत डब्याच्या अग्रभागी, नॉझलजवळ, इंधन मुद्दाम दाट ठेवीत. उंचावर ज्योत विझू नये आणि विझलीच तर पुन्हा पेटावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु दाट जागी, आणि त्यातही उच्च दाबाखाली, काजळी भरमसाट होते. तिचा पुष्कळसा भाग पुढे जळून जाई. उरलेल्या भागाला डब्याच्या छिद्रांतून आत येणारी थंड हवा गाठी, आणि दिव्यावरील ताम्हनाप्रमाणे त्याला निववून टाकी. अभियंत्यांनी डब्याच्या पुढील भागात अधिक हवा सोडली, छिद्रांच्या जागा बदलल्या आणि इंधन व हवा यांचे मिश्रण सुधारले. दाट गाभा विरला आणि धूर अदृश्यप्राय झाला. १९७० साली अमेरिकेतील विमान कंपन्यांनी शासनाशी असा समझोता केला की, चालू विमानांतील या इंजिनांचे जुने डबे १९७२ च्या अखेरीपर्यंत बदलले जावेत. इंजिने तीच राहिली, विमाने तीच राहिली. बदलला तो ज्वलनाचा डबा.

काँकॉर्डचीही कथा अशीच आहे. १९६९ साली उडालेल्या पहिल्या नमुन्यांच्या इंजिनांना चांगलाच धूर होता. प्रवासी सेवेसाठी बांधलेल्या विमानांत कड्याच्या आकाराचा नवा ज्वलनकक्ष आला, त्यात इंधनाची आधी वाफ होत असे, आणि धूर ओसरला. लष्करी विमानांत तर हा जिवाचा प्रश्न होता. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या फँटम विमानांचा काळा धूर कित्येक मैलांवरून त्यांचा ठाव सांगे. त्यांच्यासमोरचे मिग-२१ लहान होते व धूरही फारसा सोडीत नसे, त्यामुळे ते दिसणे कठीण जाई. हेच मिग-२१ आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळील ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत असे. त्याची इंजिने ओडिशातील कोरापूट येथून येत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वायुसेनेने या विमानाला निरोप दिला.

या जुन्या विमानांविषयी एक समजूत दुरुस्त करावयास हवी. एवढा काळा धूर म्हणजे केवढे इंधन वाया जात असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उड्डाणाच्या वेळी एक टक्क्याहूनही कमी इंधन काजळीच्या रूपाने बाहेर पडे. अल्पशी काजळी आकाश काळे करण्यास पुरते. यावरून उलट असेही समजावे की, धूर डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे काजळी संपली असे नव्हे. शिवाय ज्वलन जितके तप्त व पूर्ण, तितकी हवेतील नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक होतात. एक दोष दाबला की दुसरा डोके वर काढतो, ही अडचण डिझेल व जेट या दोहोंना आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पुढे नुसत्या दिसणाऱ्या धुराऐवजी सूक्ष्म कणांची मोजणी करणारी मानके आणली, ती १ जानेवारी २०२० पासून लागू झाली.

गाळणी नसलेली आपली इंजिने

वाशिम जिल्ह्यातील बहुसंख्य ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीच्या आतले आहेत. ट्रॅक्टरांसाठीची अधिक कडक मानके १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, ती पन्नास अश्वशक्तीवरील यंत्रांना. पंपाची जुनी इंजिने व मळणी यंत्रे तर त्याहून मागची. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेमुळे विहिरीवरील धूर कमी होण्याचा मार्ग खुला झाला आहे. मळणीला मात्र अद्याप डिझेलवाचून गत्यंतर नाही. या इंजिनांना उद्या गाळणी बसविली तरी ती चालणार नाही, तुंबेल. त्यांच्यासाठी विमानवाल्यांचाच मार्ग उरतो : काजळी होते त्या जागी उपाय करणे.

सोयाबीनची मळणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. मालेगाव तालुक्यातील एका शिवारात गेल्या हंगामात लेखकाने पाहिले ते असे. ट्रॅक्टरवर मळणी यंत्र जोडलेले, भोवती बारीक धुळीचा ढग, यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारणारी चार माणसे आणि भुसा ओढणाऱ्या दोन स्त्रिया. पेंढ्या जादा पडल्या की इंजिन घुसमटे व काळा धूर मारी. वारा फिरला की तो धूर त्या स्त्रियांच्या तोंडावर येई. त्यांनी पदर नाकाला लावला होता. ट्रॅक्टरमालक म्हणाले, "सीझन आहे साहेब, धूर तर मारणारच." एअर क्लीनर केव्हा साफ केला, असे विचारता पेरणीच्या वेळी, असे उत्तर मिळाले.

कंदिलाच्या खालच्या छिद्रांत माती भरली तर जे होईल, तेच येथे होत होते. एअर क्लीनर तुंबला, हवा कमी पडली, ओझे वाढले म्हणून गव्हर्नरने डिझेल वाढविले, म्हणजे वात वर झाली. मळणीच्या दिवसांत तेलाच्या एअर क्लीनरचे भांडे रोज उघडून पाहावे आणि तेल चिखलासारखे झाले असेल तर बदलावे. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. नॉझलकडे पाहण्यास मात्र जाणता मिस्त्री हवा. तो नॉझल चाचणी-पंपावर लावून फवारा पाहतो. फवारा धुक्यासारखा पडावा, धार लागू नये आणि शेवटी थेंब टपकू नये. फवारा हाताने अजमावू नये, कारण तो कातडीत घुसतो व जखम भयंकर होते. आणखी एक वाईट खोड म्हणजे 'पिकअप' वाढावा म्हणून डिझेल पंपाचे सील तोडून स्क्रू फिरविणे. त्याने शक्ती थोडी वाढते, धूर पुष्कळ वाढतो आणि डिझेलचा खर्च मालकाच्या खिशातून जातो.

धुराचा रंगही काही सांगतो. काळा धूर म्हणजे हवा व डिझेल यांचा मेळ बिघडला. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून वंगण जळू लागले. त्यावर नॉझल बदलून उपयोग नाही. थंडीत सकाळी सुरू करताना येणारा पांढरा धूर थोड्या वेळाने जात असेल तर त्याची चिंता नको.

रस्त्यावरील जुन्या डिझेल वाहनांची धूर-तपासणी गाडी रेस करून होते. धुरातून प्रकाश किती आरपार जातो, यावरून त्याची घनता ठरते. स्टेज-४ पूर्वीच्या वाहनांना ६५ व स्टेज-४ च्या वाहनांना ५० ही मर्यादा आहे. विमानाच्या इंजिनाचा धूर मोजण्याची जुनी पद्धत याहून साधी आहे. धुराचा ठरावीक नमुना पांढऱ्या गाळणकागदातून ओढावयाचा आणि कागद किती काळवंडला हे मोजावयाचे. स्वच्छ कागद शून्य, पूर्ण काळा शंभर. १९८३ पासूनच्या इंजिनांना हा आकडा कोणत्याही परिस्थितीत ५० च्या वर जाऊ द्यावयाचा नाही, असे ठरले. मोठ्या इंजिनांना मर्यादा याहूनही कमी आहे. जेट इंजिनाच्या वाट्याला आलेली गाळणी ती एवढीच, एका कागदाच्या तुकड्याची.

हा प्रयोग गावात करता येतो. लांब काठीच्या टोकाला तारेचे कडे बांधून त्यावर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ताणावा. मळणीला जाण्यापूर्वी ट्रॅक्टर मोकळ्या मैदानात उभा करून, जाणत्या चालकाने तो नेहमीच्या फेऱ्यांवर ठेवावा आणि धुराच्या नळीपासून हातभर अंतरावर ते कापड एक मिनिट धरावे. धरणारा मोठा माणूस असावा, वाऱ्याच्या पाठीशी उभा राहावा, आणि विद्यार्थ्यांनी लांबूनच पाहावे. एअर क्लीनर साफ करून व नॉझल तपासून आणल्यावर दुसऱ्या तुकड्यावर हीच कृती त्याच फेऱ्यांवर, तेवढाच वेळ करावी. दोन्ही तुकड्यांवर तारीख लिहून ते न धुता शाळेच्या विज्ञानपेटीत ठेवावेत. पुढील दसऱ्याला तिसरा तुकडा धरून त्यांच्याशी ताडून पाहता येईल.